माकडिणीच्या पाळीचा हिशेब उलटा मांडावा लागतो

रिसस या प्रयोगशाळांत सर्रास पाळल्या जाणाऱ्या जातीच्या माकडिणीला रक्तस्राव दिसला की वहीत 'दिवस पहिला' लिहायचं, तिथून बोटं मोजायची आणि चौदाव्या दिवसासमोर 'अंडमोचन' (अंडाशयातून अंड सुटणं) असा शेरा मारून मोकळं व्हायचं. पुष्कळ नोंदवह्या अशाच भरल्या जातात. मग रक्तातले आकडे या शेऱ्याशी जुळेनात की दोष तपासणीच्या किटला जातो. किट बहुतेक वेळा बिचारं निर्दोष असतं. मोजणी कुठून सुरू केली, तिथेच चूक झालेली असते.

रिससचं चक्र सरासरी २८ दिवसांचं असतं. बायकांच्या चक्राशी हा आकडा तंतोतंत जुळतो आणि घोटाळाही त्यामुळेच होतो, कारण मग सगळंच बायकांसारखं असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चांगल्या निरोगी माकडिणीचं चक्रसुद्धा पंचविशीपासून तिशीच्या पुढेपर्यंत हलतं. हा हलता भाग जवळजवळ सगळा पहिल्या टप्प्यात, म्हणजे अंडाशयातलं पुटक (अंड वाढवणारी पिशवी) वाढण्याच्या काळात असतो. अंडमोचनानंतरचा टप्पा त्या मानाने ताठ: १४ ते १६ दिवस. म्हणून एखादीचं चक्र ३३ दिवसांचं भरलं तर तिचं अंडमोचन चौदाव्या दिवशी झालं नाही, सतराव्या-अठराव्या दिवशी झालं. पुढची पाळी आली की तिथून मागे मोजायचं. आधीच कळायला हवं असेल तर संप्रेरकं मोजण्याला पर्याय नाही.

आता ही संप्रेरकं चालतात कशी ते पाहू.

सुरुवात मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून होते. तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठोक्याठोक्याने बाहेर पडतं, रिससमध्ये साधारण तासाला एक ठोका. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत पोचलं की तिथून एलएच आणि एफएसएच ही अंडाशयाला चालवणारी दोन संप्रेरकं सुटतात. हे ठोके सर्वांत स्वच्छ दिसतात ते अंडाशयं काढून टाकलेल्या माकडिणीत, कारण तिथे त्यांना आवरणारं कुणी नसतं. १९७०च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने हे तासातासाचे चढउतार रिससमध्ये दाखवले. पुढे १९७८ साली त्याच गटाने हायपोथॅलॅमसचा जीएनआरएच बनवणारा भाग निकामी केलेल्या माकडिणींना बाहेरून पंपाने जीएनआरएच दिलं: मिनिटाला १ मायक्रोग्रॅम, दर तासाला ६ मिनिटं. एलएच आणि एफएसएच पूर्ववत झाले. तेच औषध सलग, न थांबता दिलं तेव्हा दोन्ही संप्रेरकं खाली बसली. औषध सतत मिळत असूनही पिट्युटरी ढिम्म! आज एंडोमेट्रिऑसिससाठी किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात जीएनआरएचसारखी दीर्घकाळ टिकणारी औषधं देऊन संप्रेरकं दाबली जातात, त्यामागचं तत्त्व हेच.

ठोक्यांचा वेगही महत्त्वाचा. तासाला एकाऐवजी तीन किंवा पाच ठोके दिले तर एलएच-एफएसएच घसरतात. उलट तीन तासांनी एकच ठोका दिला तर एलएचच्या तुलनेत एफएसएच वर जातं. म्हणजे दोन संप्रेरकांचं प्रमाण बदलायला दुसरा संदेश लागत नाही, लय बदलली तरी पुरतं.

पाळी येण्याच्या एकदोन दिवस आधीच एफएसएच हळूहळू चढू लागतं, कारण मागच्या चक्रातला पीतपिंड (फुटलेल्या पुटकाची झालेली ग्रंथी) विझत आलेला असतो आणि त्याचं प्रोजेस्टेरॉन, इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि इनहिबिन या संप्रेरकांचा दाब सुटतो. या चढत्या एफएसएचवर काही पुटकं वाढायला लागतात. त्यातलं एक पुढे निघतं, इस्ट्राडायॉल बनवू लागतं आणि त्या इस्ट्राडायॉलमुळे एफएसएच पुन्हा खाली येतं. बाकीच्या पुटकांना आता पुरेसं एफएसएच मिळत नाही, ती सुकतात. पुढे निघालेलं मात्र तगतं, कारण तोवर त्याच्या पेशींवर एलएचचा संदेश टिपणारे ग्राहक आलेले असतात आणि ते कमी एफएसएचवरही भागवून घेतं. भावंडांचं अन्न तोडून स्वतः वाढणारं हे पुटक! हे नुसतं अनुमान नाही. माकडिणीला इस्ट्राडायॉल बांधून ठेवणारी प्रतिपिंडं दिली की एफएसएच खाली येत नाही आणि एकाच्या जागी अनेक पुटकं पिकतात.

आकड्यांत सांगायचं तर पाळीच्या दिवसांत रिससच्या रक्तात इस्ट्राडायॉल साधारण ५० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याखाली असतं. अंडमोचनाआधी ते २०० ते ४०० पिकोग्रॅमपर्यंत चढतं. या चढणीत एक गंमत आहे. एरवी इस्ट्राडायॉल एलएचला दाबतं. पण ते अंदाजे १५० ते २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन तिथे सुमारे ३६ तास टिकलं की परिणाम उलटतो आणि एलएचचा मोठा लोट येतो. पातळी आणि अवधी, दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. उंच पण तोकडा चढ आला तर लोट येत नाही, आणि लांब पण बुटका आला तरी येत नाही. दिवसातून एकदाच रक्त घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: एका नमुन्यात २५० दिसलं एवढ्यावरून लोट येणार असं म्हणता येत नाही.

लोट सुरू झाल्यापासून सुमारे दीड दिवसाने अंड सुटतं. लोट स्वतः दोनेक दिवस चालतो. त्याच सुमाराला टेस्टोस्टेरॉन आणि अँड्रोस्टेनेडिओनही थोडे वर येतात. रिससचं खाणंही या दिवसांत कमी होतं. खाद्य तोलून देणाऱ्यांना पात्रात उरलेलं दिसतं आणि मग आजारपणाची शंका येते. पाळीची वही शेजारी उघडी असेल तर ही शंका लगेच फिटते.

पुटक फुटलं की त्याचाच पीतपिंड होतो आणि प्रोजेस्टेरॉन चढू लागतं. रिससमध्ये त्याचा कळस ४ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. बायकांमध्ये १० ते २० सर्रास दिसतं, त्यामुळे मानवी अहवाल वाचायची सवय असलेला माणूस माकडिणीचा ५ हा आकडा पाहून 'पीतपिंड कमजोर' असं लिहितो. तो कमजोर नसतो. आणखी एक फरक: बायकांमध्ये दुसऱ्या टप्प्यात इस्ट्राडायॉलचा दुसरा उंचवटा ठळक येतो, रिससमध्ये तो बुटका असतो किंवा जवळजवळ नसतोच. आलेखात तो दिसला नाही म्हणून नमुना फेकून देऊ नका.

प्रोजेस्टेरॉन वर असताना जीएनआरएचचे ठोके मंदावतात, तासाऐवजी कित्येक तासांनी एक. यात मेंदूतल्या अफूसदृश रसायनांचा हात असतो. या टप्प्यात पिट्युटरीकडे जाणाऱ्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन भरपूर सापडतं, पाळीच्या वेळी ते जवळपास नाहीसं होतं. त्यांची क्रिया अडवणारं नॅलोक्सोन या टप्प्यात दिलं की ठोके पुन्हा वेग घेतात.

घड्याळ कुठे आहे?

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एकच निष्कर्ष. ज्या माकडिणींना पंपाने दर तासाला सारखाच ठोका दिला जात होता, त्यांच्यात पंपाला काही न सांगता २८ दिवसांचं अख्खं चक्र उमटलं. पुटक वाढलं, इस्ट्राडायॉल चढलं, एलएचचा लोट आला, पीतपिंड झाला. म्हणजे मेंदू नुसता ताल धरतो. महिन्याची मोजदाद अंडाशय करतं. (निसर्गतः लोटाच्या वेळी जीएनआरएचही वाढतं, हे पुढे दिसून आलं. पण ते वाढलं नाही तरी लोट येऊ शकतो, हा मुद्दा कायम राहतो.)

याचा पडताळा वेगळ्या वाटेनेही मिळतो. पुढे निघालेलं पुटक शस्त्रक्रियेने नष्ट केलं तर राखीव फळीतलं दुसरं पुटक लगेच त्याची जागा घेत नाही. सगळं शून्यापासून सुरू होतं आणि पुढचं अंडमोचन साधारण १२ ते १४ दिवसांनी येतं. पीतपिंड काढून टाकला तरीही तेवढेच दिवस लागतात. मोजणी त्या एका पुटकात किंवा पीतपिंडात असते. ते काढलं की काटा मागे येतो.

आणि पीतपिंड विझतो कशाने? मेंढी-गाईत गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन येऊन त्याला संपवतं, म्हणून गर्भाशय काढलं तर पीतपिंड लांबतो. रिससचं गर्भाशय काढलं तरी प्रोजेस्टेरॉनचा आलेख जसाच्या तसा राहतो. हे १९६९ सालीच दाखवलं गेलं. माकडिणीचा पीतपिंड म्हातारा होत जातो तसा त्याला जगण्यासाठी जास्त एलएच लागतं आणि मिळत असतं तेवढंच किंवा कमी. तरुण पीतपिंड बराच चिवट: जीएनआरएचचा पंप तीन दिवस बंद ठेवून पुन्हा चालू केला तर खाली गेलेलं प्रोजेस्टेरॉन परत वर आलेलं आहे.

रक्तस्राव म्हणजे काय सिद्ध होतं?

फारसं काही नाही. प्रोजेस्टेरॉन खाली गेलं की गर्भाशयाच्या अस्तरातल्या नागमोडी धमन्या आवळल्या जातात, अस्तराला रक्त मिळेनासं होतं आणि ते गळतं. जे. ई. मार्की यांनी १९४० साली रिससच्या अस्तराचे तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रुजवून हे पारदर्शक बुबुळपटलातून डोळ्यांनी पाहिलं: रक्त दिसायच्या काही तास आधी धमन्या आकसतात. पण अस्तर गळायला प्रोजेस्टेरॉनच हवं असं नाही. अंडाशयं काढलेल्या माकडिणीला इस्ट्रोजेन देऊन थांबवलं तरी रक्तस्राव होतो. आणि अंडमोचन झालेलं नसताना रिससला पाळीसारखा रक्तस्राव होऊ शकतो, हे जॉर्ज कॉर्नर यांनी १९२३ सालीच नोंदवलं होतं. शंभर वर्षं झाली तरी नुसत्या रक्तस्रावावरून 'चक्र नियमित' असा दाखला दिला जातोच.

त्यातून उन्हाळा. रिसस ऋतूनुसार चालतात. उत्तर गोलार्धात त्यांचा समागमाचा काळ शरदापासून हिवाळ्यापर्यंतचा. उन्हाळ्यात पाळी लांबते, चुकते किंवा अंडमोचनाविना येते. जन्म घरातल्या बंदिस्त उजेडात गेला तरी ही सवय पुरती जात नाही. लांब शेपटीचे मकाक (मकाक म्हणजे रिसस ज्यात मोडतो तो माकडांचा गट) वर्षभर चालतात, त्यामुळे बाराही महिने काम करायचं तर बरेच जण त्यांच्याकडे वळतात. पहिली पाळी आल्यानंतरची काही चक्रंही बेभरवशाची: अंडमोचन नाही, किंवा झालं तरी दुसरा टप्पा आखूड.

अंडमोचन झालं की नाही, हे ठरवायला रिससमध्ये दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर प्रोजेस्टेरॉन १ नॅनोग्रॅमच्या वर आहे का एवढं पाहिलं तरी चालतं. पण नमुना 'एकविसाव्या दिवशी' घेऊ नका. चक्र लांब असेल तर एकविसावा दिवस अंडमोचनाच्या दुसऱ्या-तिसऱ्याच दिवशी पडतो. शक्य असेल तर सोळाव्या दिवसापासून दर तीन दिवसांनी एक, असे चार नमुने घ्या.

सगळीच माकडं रिसस नसतात

बबूनचं चक्र सुमारे ३३ दिवसांचं आणि त्याचा आलेख बबून पाठीवरच घेऊन हिंडते: इस्ट्रोजेन चढलं की मागची कातडी फुगते, प्रोजेस्टेरॉन आलं की झपाट्याने उतरते. फुगवटा उतरताना दिसू लागतो तेव्हा अंडमोचन होऊन एकदोन दिवस झालेले असतात. म्हणून इथेही हिशेब उलटाच. रोज ठरावीक वेळी, एकाच माणसाने फुगवट्याला ० ते ४ असे गुण द्यावेत. माणूस बदलला की गुण बदलतात. रिससमध्ये एवढा फुगवटा येत नाही, चेहरा आणि मागचा भाग लाल होतो. लालीवर एकटीवर भरवसा ठेवण्याइतकी ती नेमकी नसते.

मार्मोसेट हे दक्षिण अमेरिकेतलं चिमुकलं माकड, हा तर वेगळाच मामला. चक्र २८ दिवसांचं, पण पहिला टप्पा फक्त ८-९ दिवसांचा आणि दुसरा १९-२० दिवसांचा. बाहेर रक्तस्राव दिसत नाही. पिट्युटरीतून एलएचऐवजी कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन येतं, जे माणसांत वार (गर्भाला पोसणारा अवयव) तयार करते. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन इतकं चढतं की अंडमोचनाची खूण म्हणून १० नॅनोग्रॅम ही रेघ धरतात, रिससच्या दहापट. नव्या जगातल्या, म्हणजे अमेरिका खंडांतल्या, माकडांच्या पेशी स्टिरॉइड संप्रेरकांना मंद प्रतिसाद देतात, म्हणून शरीर ती जास्त बनवतं. इथे चक्र जुळवून घ्यायचं असेल तर दुसऱ्या टप्प्यात प्रोस्टाग्लँडिनसदृश क्लोप्रोस्टेनॉल देऊन पीतपिंड विझवता येतो आणि पुढचं अंडमोचन सुमारे दहा-अकरा दिवसांनी मिळतं. रिससमध्ये ही युक्ती भरवशाची नाही.

आपल्या भाषेने माकड आणि वानर हे शब्द वेगळे ठेवले, ते संप्रेरकांच्या कामातही उपयोगी पडतं. बायकांच्या लघवीत प्रोजेस्टेरॉनचा अवशेष म्हणून प्रेग्नेनडायॉल मोजतात. मकाकमध्ये तो तितका ठळक नसतो आणि एका जातीचं दुसरीला लागू पडेलच असं नाही. म्हणून नव्या जातीवर काम सुरू करताना रक्त आणि लघवी किंवा विष्ठा एकाच वेळी घेऊन, कोणता अवशेष रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनमागे चालतो ते आधी तपासायचं. हे एक चक्र वाया गेल्यासारखं वाटतं, पण ते टाळलं तर पुढचं वर्ष वाया जातं.

नमुने आणि त्यातले खड्डे

रक्ताचा हिशेब सुईआधी कागदावर करा. मकाकच्या अंगात किलोमागे सुमारे ६० मिलिलिटर रक्त. ५ किलोच्या माकडिणीत ३०० मिलिलिटर. सर्वमान्य मर्यादा अशी की एका वेळी १० टक्क्यांहून कमी आणि २८ दिवसांत मिळून १५ टक्क्यांहून कमी घ्यायचं, म्हणजे महिन्याला ४५ मिलिलिटर. रोज २ मिलिलिटर घेतले तर २८ दिवसांत ५६ होतात, मर्यादा ओलांडली. रोज दीड घेतले तर ४२, जेमतेम बसतं. इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन दोन्हीला अर्धा मिलिलिटर सीरम पुरतं, तेव्हा हावरेपणा नको.

एलएचचे ठोके पाहायचे असतील तर तासाला एक नमुना घेऊन काहीही हाती लागत नाही. तासाला एक ठोका असताना दर १० मिनिटांनी रक्त हवं. आठ तासांत ४८ नमुने, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर म्हणजे एका दिवसात २४ मिलिलिटर. म्हणून प्लाझ्मा काढून घेऊन लाल पेशी सलाइनमधून परत सोडाव्या लागतात.

सीरमसाठी साधी नळी वापरा. काही जेल असलेल्या नळ्यांत नमुना पडून राहिला तर प्रोजेस्टेरॉन जेलमध्ये शोषलं जातं आणि आकडा खोटा खाली येतो. एककं मिसळू नका: प्रोजेस्टेरॉनचा १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर, इस्ट्राडायॉलचा १ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ३.६७ पिकोमोल प्रति लिटर. मानवी नमुन्यांसाठीच्या यंत्रांवर ३० पिकोग्रॅमखालचं इस्ट्राडायॉल डळमळीत येतं. खालच्या पातळीत फरक दाखवायचा असेल तर आधी ईथरने निष्कर्षण करा किंवा नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवा.

विष्ठेचे नमुने सोयीचे वाटतात, पण त्यात उशीर असतो: मकाकमध्ये रक्तातला बदल विष्ठेत दीड ते अडीच दिवसांनी दिसतो. लघवीत हा उशीर काही तासांपासून एका दिवसापर्यंतचा. विष्ठा पडल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत उचला, लघवीने भिजलेला भाग सोडा आणि लगेच उणे २० अंशांवर गोठवा. तसं केलं नाही तर त्यातले जंतू अवशेषांची रूपं बदलत राहतात आणि आकडे तासागणिक सरकतात. वाळवून चाळलेली ०.१ ग्रॅम पूड ८० टक्के मिथेनॉलच्या ३ मिलिलिटरमध्ये १५ मिनिटं हलवायची, सेंट्रिफ्यूज करायची, वरचा द्रव मोजायचा. प्रोजेस्टेरॉनच्या अवशेषांची चढण खरी मानण्यासाठी पहिल्या टप्प्यातल्या नमुन्यांची सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं ही रेघ आखतात. सलग तीन नमुने रेघेवर हवेत. मग त्या पहिल्या चढत्या दिवसातून दोन-तीन दिवस मागे जाऊन अंडमोचन लिहायचं. लघवीचे आकडे क्रिएटिनिनने भागल्याशिवाय वापरू नका. पाणी जास्त प्यायलेली माकडीण सगळंच पातळ दाखवते.

नमुना घेण्याची पद्धतही चक्र बिघडवते. रोज पकडणं, बेशुद्ध करणं, पिंजरा बदलणं याने ताणाची संप्रेरकं वाढतात, जीएनआरएचचे ठोके मंदावतात, पुटक रखडतं आणि मग 'हिचं चक्र लांब आहे' असा निष्कर्ष निघतो, जो खरं तर आपल्याच हाताचा असतो. खाऊ देऊन हात किंवा पाय बाहेर काढायला शिकवलं तर हा दोष बराच जातो. शिकवायला काही आठवडे लागतात. गटात राहणाऱ्या लांब शेपटीच्या मकाकांत खालच्या दर्जाच्या माद्यांना अंडमोचनाविना चक्रं जास्त येतात, म्हणून कोण कुणासमोरून बाजूला होते याचीही नोंद ठेवा.

शेवटी एक खास फसवणूक. नर सोबत असताना रिससला पाळी अपेक्षित होती तेव्हा थोडा रक्तस्राव दिसला, म्हणून वहीत 'दिवस पहिला' लिहिला जातो. पण गर्भ रुजल्यानंतरही रिससला बारीक रक्तस्राव होतो आणि तो कित्येक दिवस चालू राहू शकतो. कार्ल हार्टमन यांनी त्याला वारेची खूण म्हटलं होतं. माणसांसाठीच्या गर्भचाचणीच्या पट्टीवर इथे भरवसा नको, ती मकाकचं कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन सहसा ओळखत नाही, आणि ते संप्रेरकही गर्भारपणाच्या पहिल्या सहाएक आठवड्यांतच सापडतं. मानवी एलएचची बरीच किटंही मकाकचं एलएच अशीच नीट पकडत नाहीत, तेव्हा मकाकवर पारखलेली प्रतिपिंडं मागवावीत. वारेच्या खुणेची शंका असेल तर प्रोजेस्टेरॉन पाहा. पाळी असेल तर ते तळाला, १ नॅनोग्रॅमच्या खाली असतं. रक्त दिसत असूनही ते वर असेल तर वहीतला 'दिवस पहिला' खोडा आणि दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी करा.